ज्युरीतला आपला माणूस

तो खटला आठवला की आजही मी खुर्चीच्या टोकाला येऊन बसतो. बायको म्हणते, "झालं, गेलात पुन्हा कोर्टात." खरंच आहे तिचं. वडील डॉक्टर म्हणून अमेरिकेत आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पुढे मी मॅसॅच्युसेट्समध्ये पोलिसात गेलो आणि डिटेक्टिव्ह म्हणून निवृत्त झालो. मुलगा पोलीस आहे हे वडिलांनी कधी कुणाला आपण होऊन सांगितलं नाही. खटले पुष्कळ पाहिले, पण असा एकच.

नोव्हेंबर २००२. श्रूजबरीत लेकीकडे आलेल्या नागपूरच्या एक आजी संध्याकाळी चालायला निघाल्या. तिथल्या रस्त्याला फुटपाथ नव्हता. नोव्हेंबरात इथे साडेचारलाच अंधारून येतं, हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. एका गाडीने त्यांना उडवलं आणि गाडी निघून गेली. आजी जागीच गेल्या. पंचनाम्यात आमच्या हाती हेडलाइटच्या काचा लागल्या, बाकी काही नाही.

चौथ्या दिवशी स्टेशनात फोन वाजला. शेजारच्या गावातल्या गॅरेजचा मेकॅनिक बोलत होता. "पिकअपचा दिवा बदलायला एक जण आलाय. हरणाला धडकलो म्हणतो. पण पुढच्या जाळीत लोकर अडकलीय, आणि मी अजून स्वेटर घातलेलं हरीण पाहिलेलं नाही." मी जेवण टाकून पळालो.

पिकअपचा मालक घरं दुरुस्त करणारा ठेकेदार, पन्नाशीचा, गावात पत असलेला. दोन तास त्याला समोर बसवलं. चौकशीत मी फार विचारत नाही, गप्प बसतो. बहुतेकांना शांतता सोसत नाही, ते स्वतःच बोलायला लागतात. हा मात्र पक्का निघाला. "मला हरीण वाटलं," एवढंच घोकत राहिला. लोकर आजींच्या स्वेटरचीच निघाली, तरी तेवढ्याने भागत नव्हतं. आपण माणसाला धडक दिली हे माहीत असूनही तो पळाला, हे सिद्ध करायला हवं होतं. इथे ज्युरीतल्या बाराही जणांचं एकमत लागतं; एकालाही त्याचं हरीण पटलं असतं, तर तो मोकळा राहिला असता.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता. मी चहाच्या टेबलाशी गेलो आणि पुण्याचा एक तरुण इंजिनिअर अर्धा कप तसाच ठेवून बाहेर सटकला. मीही मागोमाग पार्किंगमध्ये गेलो.

"काका, प्लीज, मला यात नका ओढू यार," तो म्हणाला. "लेऑफ चालू आहेत. व्हिसाचा आधीच लोचा आहे."

"काय पाहिलंस ते सांग. बाकीचं नंतर बघू."

"मी पलीकडच्या अपार्टमेंटच्या बाल्कनीत होतो. तो खाली उतरला होता, काका. टॉर्च घेऊन. आजींच्या चेहऱ्यावर लाइट मारला, नीट बघितलं... आणि परत गाडीत बसून निघून गेला. पोलिसांना ९११वर फोन मीच केला, पण नाव नाही सांगितलं. हिंमतच नाही झाली."

मला तिथेच उडी मारावीशी वाटली! हरणाचा निकाल लागला होता.

खटला उभा राहिला तो पुढच्या वर्षी. तोवर पोराची नोकरी गेली होती. साक्ष झाली की शनिवारी त्याचं पुण्याचं विमान होतं आणि परत यायला व्हिसा मिळेल याची कुणालाच खात्री नव्हती. थोडक्यात, संधी एकच.

सोमवारी ज्युरीची निवड सुरू झाली. भारतातल्या वाचकांना याची गंमत कळायची नाही. आसपासच्या गावांतले सत्तर जण चिठ्ठीने बोलावलेले. त्यांत बसचालक, नर्स, पिझ्झावाला, सगळे. न्यायाधीशबाई प्रत्येकाला विचारतात : आरोपीला ओळखता का? साक्षीदारांपैकी कुणाला? घरात कुणी अपघातात गेलंय? ज्याचं मन आधीच कलतं, त्याला घरी पाठवतात. शिवाय दोन्ही वकिलांना कारण न देता मोजकी माणसं नाकारता येतात. असे गाळत गाळत चौदा बसवले. निकाल बारा जण देतात, दोन राखीव.

अकराव्या खुर्चीवर एक मराठी गृहस्थ आले. चाळिशीचे, सॉफ्टवेअरमधले. इथल्या कुणालाही ओळखत नाही म्हणाले. बचावाचे वकील त्यांना नाकारायला उठले. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "ते भारतीय आहेत, याखेरीज काही कारण?" केवळ वंशावरून ज्युरर वगळता येत नाही. वकिलांकडे दुसरं कारण नव्हतं. गृहस्थ बसले आणि मी मनातून सुखावलो. खोटं कशाला सांगू?

मंगळवारी पोराने साक्ष दिली. उलटतपासणीत तसूभर हलला नाही. मी हवेत होतो.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरच्या वळणावर आलो आणि थबकलो. बाकावर आजींचे यजमान बसले होते. निवृत्त शिक्षक, खटल्यासाठी नागपूरहून आलेले. शेजारी अकराव्या खुर्चीवाले, कोटावर ज्युररचा बिल्ला. मध्ये शंकरपाळ्यांचा डबा.

"धरमपेठेत कुठं?" काका विचारत होते. "अरे बाप्पा! तुमचा मामा माझ्या वर्गात होता जी!"

तिसऱ्या प्रश्नाला मामा निघाला. दोन मराठी माणसं भेटली की याहून जास्त वेळ लागतच नाही.

मी काकांना बाजूला घेतलं. "काका, ज्युरीशी बोलायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं होतं!"

"मी ज्युरीशी कुठं बोललो?" काका खरोखरच गोंधळले. "मी आपल्या माणसाशी बोललो. खटल्याचा एक शब्द नाही काढला. इथे आल्यापासून घराबाहेरचं कुणी माझ्याशी नागपूरचं बोललं नव्हतं."

त्या कॉरिडॉरमध्ये मराठी समजणारा मी एकटा. तोंड बंद ठेवलं असतं तर जगात कुणाला कळलं नसतं. सांगितलं तर बचाव पक्ष खटला रद्द करा म्हणणार, सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि शनिवारी साक्षीदार विमानात. आजींना कधीच न्याय मिळणार नव्हता. सरकारी वकिलांच्या खोलीपर्यंत मी दोनदा गेलो आणि दोनदा माघारी फिरलो. पण ज्युरी असली तर चोख हवी, नाहीतर त्या टॉर्चवाल्यात आणि माझ्यात फरक काय? त्यानेही बघितलं आणि तो गप्प निघून गेला. तिसऱ्यांदा मी दार ठोठावलं.

मग एकच धांदल उडाली. बचावाचे वकील तावातावाने उठले : खटला रद्द करा! न्यायाधीशबाईंनी आधी काकांना विचारलं, मग अकराव्या खुर्चीला. दोघांनीही शंकरपाळ्यांसकट सगळं खरं सांगितलं. मग उरलेल्या तेरा जणांना एकेकटं आपल्या दालनात बोलावून विचारलं, या गृहस्थांनी तुम्हाला काही सांगितलं का? तासभर मी घड्याळाकडे बघत होतो. बाई परतल्या आणि म्हणाल्या, अकरा क्रमांकाला मोकळं करण्यात येत आहे, खटला पुढे चालेल. राखीव माणसं कशासाठी असतात, ते त्या दिवशी मला पुरतं कळलं.

शुक्रवारी दुपारी ज्युरी परतली. न्यायालयाने एकेकाला निकाल विचारला. गिल्टी. गिल्टी. बारा वेळा. प्रत्येक वेळी माझी मूठ खिशात आवळली जात होती.

काका कितीतरी वेळ त्या बारा जणांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, यांच्यात आपला एकही नव्हता."

"नाही काका."

"तरी पाच दिवस बसले हिच्यासाठी."

आपला माणूस आत असावा असं मलाही वाटलं होतं, आणि त्याच्यापायीच सगळं बुडता बुडता राहिलं. ज्यांचं आपल्याशी काही नातं नाही, अशा माणसांवर विसंबून राहायला मी त्या आठवड्यात शिकलो. इतक्या वर्षांच्या नोकरीने ते शिकवलं नव्हतं.

ज्युरी उठून जायला लागली. काकांनी माझी बाही ओढली. "आता नमस्कार केला तर चालेल का? बोलत नाही काही. आधी विचारून घेतो."

मी मान डोलावली. काका उभे राहिले आणि हात जोडले, ते शेवटचा माणूस दाराआड जाईपर्यंत खाली घेतले नाहीत.