मायनं उन्हात टाकलेले पंख

ऐंशी सालच्या आसपास मी लाखनीच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि विमानं पाडत होतो. बांबूच्या कामट्या, वर पतंगाचा कागद, चिकटवायला भाताची खळ. हातानं फेकलं की विमान नाक वर करून चढायचं, वेग संपला की क्षणभर थबकायचं आणि एक पंख टाकून, गिरकी घेत जमिनीत नाक खुपसायचं. पोरं आधीच ‘गेलं, गेलं’ ओरडायची. तरी संमेलनात पालकांसमोर ते उडवून दाखवीन, असं मी छातीठोकपणे सांगून बसलो होतो. तिथंही पडलं असतं तर वर्गात तोंड दाखवायची सोय नव्हती.

आदल्या दिवशी नवे पंख केले, ओला कागद ताणून बसवला, फळीखाली दाबून सावलीत ठेवले आणि शाळेत गेलो. परतलो तर पंख अंगणातल्या खाटेवर, कोहळ्याच्या वड्यांशेजारी. उडू नयेत म्हणून मध्यावर तांदळाची पुरचुंडी. दोन्ही टोकांची मागची कड उन्हानं वर वळली होती.

“सावलीत खळीले बुरशी लागते बाबू, म्हणून उनात टाकलं,” माय म्हणाली.

“तुले काही समजते का?” मी खेकसलो, आणि आणखीही नको ते बोललो. माझा रागच तसा, आधी तोंड सुटतं. ती वड्या उचलायला लागली.

दुसऱ्या दिवशी तेच वाकडे पंख लावले. दुसरे होतेच कुठे? विमान चढलं, थबकलं. मी डोळे मिटले. ‘गेलं’ कुणी म्हणेना. पाहिलं तर नाक जरासं खाली घालून, दोन्ही पंख समतोल ठेवून ते पुन्हा वेग घेत होतं. पार कुंपणापाशी अलगद उतरलं.

मागची कड वर वळल्यानं टोकं हवेला मधल्या भागापेक्षा कमी तिरपी लागत होती. त्यामुळे हवेचा आधार आधी मध्यावर सुटला, टोकं मात्र तग धरून राहिली. पाहुण्या साहेबांना मी हे असं समजावलं, जणू टोकं मीच मुद्दाम वाकवली होती. टाळ्या पडल्या. बायकांच्या रांगेत बसलेल्या मायनंही वाजवल्या.

घरी येताना ती म्हणाली, “मस्त उडलं बाबू. मंग काल मले कायले बोलला?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची आमच्या घरात रीत नव्हती. पुढच्या रविवारी नवे पंख केले आणि ओलेच तिच्या हातात दिले.

“माय, उनात टाकतं का?”

तिनं वड्या बाजूला सारल्या, पुरचुंडी उचलली आणि विचारलं, “किती वाकडे पायजे?”