स्टोअरपर्यंत न पोचलेल्या मागण्या

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. चंद्रपूरजवळच्या एका खाजगी कारखान्यात मी नुकतीच इंजिनीयर म्हणून लागले होते. तिथले पाच कॉम्प्युटर एका केबलने गोलाकार जोडलेले. दुरुस्ती विभागातले लोक सुट्या भागांची मागणी टाइप करत आणि ती त्या गोलातून फिरत स्टोअरच्या कॉम्प्युटरवर जाई. हा पाठवायचा प्रोग्राम मी लिहिला होता.

काही मागण्या मात्र पोचतच नव्हत्या. बेअरिंग न मिळाल्याने एक पंप दोन दिवस बंद राहिला, तेव्हा सगळ्यांचा संशय स्टोअरकीपरवर गेला. ते सिंदेवाहीचे, वयाने मोठे. कॉम्प्युटर नको म्हणून उघड कुरकुरलेले. तेच मागण्या पुसत असणार, असं मलाही वाटे. काहीतरी निमित्त काढून मी त्यांच्या खोलीत जाई आणि त्यांची बोटं कुठल्या बटणावर पडतात ते बघे.

"काय पाहून राह्यल्या, मॅडम?"

"काही नाही, भाऊ."

"मले समजते. पण मी काई पुसत नाई. येतच नाई, त्याले मी काय करू?"

मी साहेबांना लेखी कळवलं : दोष मशीनचा नाही, माणसाचा असावा. भाऊंना गेटवर तपासणीला बसवलं.

त्यांच्या जागी एक मुलगी आली. मागण्या हरवतच राहिल्या. मी तिच्यावरही नजर ठेवली. मग एकदा ती रजेवर होती, खोलीला कुलूप होतं, तरी दोन हरवल्या. मी गेटवर गेले.

"सकाळी सगळे एकदम पाठवतात, तवाच गळते," भाऊ म्हणाले. "दुपारी एकेक येते, ते बराबर येते. तुम्ही इचारलं असतं तर सांगितलं असतं."

स्टोअरमध्ये कोणी नसताना मी तिकडे लागोपाठ वीस मागण्या पाठवल्या. चौदा पोचल्या. तिथलं मशीन संथ होतं. आलेल्या मागण्या साठवायची त्याची जागा भरली की पुढच्या मागण्या ते उचलतच नसे. त्या तशाच फिरून पाठवणाऱ्याकडे परत येत. उचलली की नाही, याची खूण प्रत्येकीवर असे. माझा प्रोग्राम ती खूण बघतच नव्हता.

न उचललेली मागणी थोडं थांबून पुन्हा पाठवायची आणि तोवर पुढची रोखून धरायची, असा बदल मी केला. हरवणं थांबलं. साहेबांना दुसरं पत्र दिलं, त्यात चूक माझी असल्याचं लिहिलं. भाऊंना परत बोलावलं गेलं, पण ते आले नाहीत.

"मले इथीच बरं हाये," एवढंच म्हणाले.

पुढे मी तिथे होते तोवर रोज संध्याकाळी, नियमाप्रमाणे, ते माझी बॅग उघडून बघत.