मथळेसरांनी बदललेला मथळा

मथळेसरांना काहीही सांगायला गेले, की ते तळहात वर करून थांबवत आणि म्हणत, "आधी मथळा सांगा, मग मजकूर." कुणाच्या मुलीचे लग्न ठरलेले असो, की कुणाचे शेळीचे करडू हरवलेले असो, नियम सर्वांना सारखा. त्यांचे खरे आडनाव हजेरीपटापुरते उरले होते. बोरीच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवीत आणि मी मराठी. मुलांनी त्यांचे बारसे केव्हा केले, ते आम्हा दोघांनाही आठवत नव्हते.

निवृत्तीनंतर त्यांनी ब्लॉग सुरू केला. माती, पाऊसमान, शेळ्या-मेंढ्यांचे आजार, दाखल्यांसाठी कुठे जावे, असे रोजच्या उपयोगाचे विषय ते निवडत. लेख आधी शुद्धलेखनासाठी माझ्याकडे येई. मथळ्याविषयी त्यांचे मत पक्के होते. "मथळा म्हणजे दारावरची पाटी, बाई. आत जे आहे तेच आणि तेवढेच लिहायचे." त्या नियमाने त्यांनी एका लेखाला मथळा दिला : 'सर्पदंश : प्रथमोपचार व दक्षता'. मथळा निर्दोष होता. लेखही उत्तम होता. जखम चिरू नका, आवळून बांधू नका, हातपाय हलवू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा, हे त्यात क्रमाने सांगितले होते. त्या लेखाकडे कुणी फिरकले नाही. सरांना त्याचे विशेष वाटले नाही. चांगल्या लेखाला वाचक उशिरा मिळतो, असे ते समजत.

मारोती हा आमचा जुना विद्यार्थी. शेळ्या-मेंढ्या राखून उरलेल्या दिवसांत मजुरीला जाणारा. एका संध्याकाळी त्याची बायको सुमन शेळ्यांसाठी बांधावरचे गवत कापत असताना तिला साप चावला. मारोतीने खिशातला फोन काढून विचारले आणि फोनने जे दाखवले त्यात वेळ गेला. मग कुणीतरी शेजारच्या गावातल्या मंत्र घालणाऱ्याचे नाव सुचवले. तिथून निघून परभणीच्या दवाखान्याची वाट धरली तेव्हा फार उशीर झालेला होता. सुमन वाटेतच गेली.

सुमनचे दिवसकार्य झाल्यावर मारोती सरांकडे आला. सरांच्या लेखाविषयी त्याला नंतर कुणाकडून तरी कळले होते. मी तेव्हा तिथेच होते. तो रागावलेला नव्हता, आणि तेच बघवत नव्हते. त्याने फोन सरांपुढे धरला.

"आमी पान लागलं म्हणून इचारलं, सर. तर ह्यो इडा कसा लावायचा ते सांगायलाय."

आमच्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. दिवस मावळल्यावर तर सापाचे नावच घेत नाहीत. लांबडे म्हणतात, जनावर म्हणतात. फोनला हे कुणी शिकवले नव्हते. त्याने नागवेलीच्या पानांना चुना-कात लावलेली चित्रे दाखवली होती.

सर हळूच म्हणाले, "मारोती, साप असं म्हणायचं होतंस रे."

"ती जित्ती व्हती ना, सर, तवा. मांडीवर डोकं व्हतं तिचं. तिच्यादेखत नाव कसं घ्यावं?"

तो गेल्यावर सर पायरीवर येऊन बसले. मला म्हणाले, "पाटी घरमालकासाठी नसते, बाई. वाट चुकलेल्यासाठी असते. मी घरमालकासाठी लिहीत होतो."

तेव्हापासून त्यांना एक सवय लागली. एसटीच्या थांब्यावर, बाजारात, निंदणीला निघालेल्या बायकांच्या टेंपोजवळ ते उभे राहत आणि विचारत, "पान लागलं तर फोनला काय विचारताल?" बायका हसत. एकीने त्यांना तोंडावर सुनावले, "मास्तर, सांजच्याला कशाला वंगाळ इचारायलाव?" पण सांगत. जे शब्द मिळत ते सर घरी जाऊन लेखात घालत आणि मथळा पुन्हा बदलत. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांचे 'व्हतं' तांबड्या शाईने खोडले, तो आता मला बजावू लागला, "हे 'पान लागलंय' असंच राहू द्या. शुद्ध करू नका. घाबरलेला माणूस शुद्ध बोलत नाही."

'पान लागल्यावर काय करावे' असा मथळा दिल्यावर लोक येऊ लागले, पण भलतेच. गंगाखेडच्या एका पानवाल्याने लेखाखाली विचारले, कलकत्ता की मघई, आणि घाऊक माल मिळेल का. आमचे जुने सहकारी भेटले की विचारत, "मथळेसर, टपरी कधी टाकताय?" सर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी पानवाल्याला सविस्तर उत्तर लिहिले, की दुकानावर शंभर माणसे येतात, तेव्हा कृपया ही माहिती त्यांना द्यावी.

सेलूला संगणकाचे दुकान चालवणाऱ्या एका विद्यार्थ्याने त्यांना सुचवले, की मथळ्यात 'उतारा' हा शब्द घाला. लोक तोच शोधतात. मी विरोध केला. उतारा म्हटले की मंत्र आला, धागा आला, लिंबू आले. ज्या समजुतीने सुमनचा वेळ खाल्ला तिलाच आपण दारावर का टांगावे, असे माझे म्हणणे होते. सरांनी ते पूर्ण ऐकून घेतले.

"शब्द त्यांचाच राहू द्या, बाई. पत्ता आपण बदलू."

आणि त्यांनी लिहिले : 'पान लागल्यावर उतारा कुठे मिळतो'. खाली पहिलेच वाक्य होते : 'उतारा सरकारी दवाखान्यात मिळतो, आत्ता निघा.' भाषेच्या माझ्या सगळ्या नोकरीत मी याहून नेमके वाक्य तपासलेले नाही.

त्या मथळ्याने लोक आले. शेतात कामे वाढली की ब्लॉगवरच्या भेटींचा आकडा वाढे, आणि बहुतेक भेटी तिन्हीसांजेच्या असत. मी आनंदाने सांगायला गेले, तर सरांचा चेहरा उतरला. "प्रत्येक आकड्यामागे कुणाच्या तरी मांडीवर डोकं असेल," ते म्हणाले. त्यानंतर आकडा वाढल्याचे मी कधी उत्साहाने सांगितले नाही.

पुढे त्यांची मूत्रपिंडे निकामी होत गेली. परभणीच्या दवाखान्यात मी शेवटची भेटायला गेले, तेव्हा मारोती त्यांच्या पायांशी बसलेला होता. सरांना बोलताना धाप लागत होती. त्यांनी विचारले म्हणून मी त्या आठवड्याचा आकडा सांगितला. त्यांनी तो मनाशी मोजल्यासारखा केला.

"आले किती ते कळलं," ते म्हणाले. "वाचले किती?"

या क्रियापदाचे दोन्ही अर्थ मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दिले आहेत. सरांना त्यांतला कोणता अभिप्रेत होता, हे मी विचारले नाही. मारोती समोर होता, आणि माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते.