पहिलं पान लिहिणारे काका

मीरा रोडला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका टाकीच्या पाण्यापासून काकूंच्या रुसव्यापर्यंत सगळं कॉम्प्युटरवर, टेक्स्ट एडिटरमधल्या नोंदवहीत मांडतात. मलाही तशी नोंदवही माझ्या सोयीने बनवून घ्यायची होती. पण ती कशी बनवायची हे नवशिक्याला सांगणारं एक पान सापडेल तर शपथ! सगळं लिखाण आईच्या पोटातूनच शिकून आलेल्यांसाठी.

“काका, तुम्हीच लिहा ना.”

“अरे, नवशिक्या कुठे अडतो ते मला आता आठवत नाही. काय समजलास?” म्हणाले, आणि पुन्हा नवशिके व्हायला घरी जाऊन वीस वर्षं जमवलेली स्वतःची सेटिंग्ज त्यांनी पुसून टाकली.

चौथ्या दिवशी बेंबीपर्यंत दाढी वाढलेले काका चार पानं घेऊन दारात. पहिलंच वाक्य होतं, ‘आधी जुन्या सेटिंग्जची कॉपी काढून ठेवा.’

“तुम्ही ठेवली होती ना?”

“नाही ना! म्हणून तर हे वाक्य सुचलं,” काका खुशीत म्हणाले. “काय समजलास?”