मचव्यावरची खाच

दादा मिठाच्या मचव्यावरून पनवेलच्या खाडीत पडला तेव्हा सुकाणूवर बा होता. भरतीचा जोर, वारा पाठीवर, मचवा थांबेना. दादा जिथून पडला तिथं बानं मचव्याच्या काठावर कोयत्यानं खाच पाडली. कुणी म्हणेल, वेड लागलं होतं का? लागलं होतं. पोर बुडताना शहाणं कोण राहतं?

प्रेत मिळालं नाही. मचवा बंदरात लागला आणि बा रोज ओहोटीला त्या खाचेखाली बांबू घालून चिखल चाचपायला लागला. तिकडे लांब पडलेला मुलगा तो इथं शोधत होता. मला राग यायचा, आणि भीतीही वाटायची. बांबू कशाला अडला की मी डोळे मिटून घ्यायचे. आईचं एकच मागणं होतं, दादाचं दहावं करावं, पोर मोकळं व्हावं. बा म्हणायचा, "गावला नाय त्याचं दहावं कसलं?"

लढाई संपली आणि फौजेत गेलेला मामा जपान्यांच्या कैदेतून घरी आला. तिथला एक पहारेकरी पूर्वीचा शाळामास्तर. त्याच्याकडून ऐकलेली म्हण मामानं ओटीवर सांगितली. गोष्ट मूळची चीनची. नावेतून एकाची तलवार नदीत पडली. त्यानं नावेवर खूण केली आणि किनाऱ्याला लागल्यावर खुणेखाली बुडी मारली.

"दिवस पुढं गेले तरी मागचं धरून बसतो ना कुणी, त्याला जपानी लोक म्हणतात, नावेवर खूण करून तलवार शोधतोय," मामा म्हणाला. मी फिसकन हसले. आईनं मला चिमटा काढला.

बा शांतपणे म्हणाला, "पानी जातं ते त्या तलवारवाल्याला ठाव असंल रे. पन पान्यावर खूण उठत नाय. मंग करायची कुठं?"

आई म्हणाली, "मंग दहावं माज्यासाटी करा." तेव्हा कुठं बा तयार झाला.

दिवस केव्हाच उलटले होते, तरी खाडीकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, एकही खाली येईना. कावळा शिवला नाही की मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय असं आम्ही समजतो, आणि एकेकानं त्याला वचन द्यायचं असतं. मामानं माझं लग्न लावून द्यायचं कबूल केलं. आई म्हणाली, रडणार नाय. ऊन चढलं. सगळे बाच्या तोंडाकडे बघायला लागले.

"मी आता तुला शोधायचा नाय," बा म्हणाला.

कावळा आला आणि शिवला. लोक सुटल्यासारखे आंघोळीला गेले. बा मात्र चिखलात बसून त्या कावळ्याला शिव्या देत राहिला.