दोन ड्रायव्हर, एक घाणा

औराद-उदगीर रस्त्यावर, दोन राज्यांच्या हद्दीच्या दगडाला लागून माझं भज्यांचं हॉटेल. चार पत्रे, दोन बाकडी आणि एक कढई. ते कुणाच्या मेहेरबानीवर उभं राहिलेलं नाही. दुसऱ्यांच्या शेतात राबून एकेक पत्रा आणला, आणि प्रत्येक पत्र्यासाठी दुकानदाराशी भांडलो. दारात गाडी थांबली तर माझं पोट भरणार, एवढा साधा हिशेब. आणि या जागेला सरकारी थांबा कधीच मिळाला नाही, हे माझं जुनं दुखणं.

तेव्हा आमच्या राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं. म्हैसूरची गाडी औरादहून यायची आणि माझ्या दारात वळून परत जायची. महाराष्ट्राची गाडी उदगीरहून येऊन ओढ्यापलीकडे वळायची. मधला तुकडा कच्चा. त्यावर डांबर कुणी टाकायचं, याबद्दल दोन्ही सरकारांची लिखापढी चालू आहे, एवढंच आम्ही ऐकत होतो. तोवर बायाबापड्या डोक्यावर गाठोडी घेऊन ओढा ओलांडायच्या, आणि पलीकडे पोचेपर्यंत समोरची गाडी धूळ उडवत निघून गेलेली असायची.

एकदा डोळ्याला फडकं बांधलेली एक म्हातारी उदगीरच्या दवाखान्यात निघाली होती. गाडी चुकली. ती संध्याकाळपर्यंत माझ्या बाकड्यावर बसून राहिली. माझं डोकं फिरलं. औरादच्या बस डेपोत जाऊन भांडलो. साहेब म्हणाले, "आमची गाडी वेळेवर आहे, त्यांना विचारा." उदगीरला गेलो. तिथले म्हणाले, "आमचीही वेळेवर आहे." दोघांचंही खरं होतं, त्यामुळे राग आणखीच वाढला.

गाडीवाल्यांना चहा-भजी फुकट द्यायची, हा हॉटेलवाल्यांचा रिवाज. दुसऱ्या दिवशी म्हैसूरच्या ड्रायव्हरनं हात पुढे केला आणि मी कढईवर झारा आडवा धरला.

"कामून अण्णा, आज भजी न्हाईत?"

"हायेत की. पलीकडचा येऊन तुझ्याशेजारी बसला की दोघांलाबी देतो. एकट्याला न्हाई."

"माझा टैम झालाय. गाडी सोडावी लागती."

"सोड की! मी कुठं तुझं चाक धरलंय?"

त्यानं कढईकडे पाहिलं, शिट्टीकडे हात नेणाऱ्या कंडक्टरला खुणेनं थांबवलं आणि बसला. थोड्या वेळानं महाराष्ट्राची गाडी पलीकडे लागली, आणि माझी हाक ऐकून तिचा ड्रायव्हर ओढ्यातून चालत आला. प्रकार कळल्यावर म्हणाला, "शेठ, लाच द्यायलाव व्हय आम्हाला?"

"व्हय. म्हणून तुझ्या भज्यात मिरची जास्त हाय."

त्या दिवसापासून दोघं एकाच बाकड्यावर बसू लागले. एकाची कन्नड, दुसऱ्याची मराठी, मध्ये तोडकीमोडकी दखनी हिंदी. तंबाखूवरून रोज भांडण. भज्यांचा घाणा उतरेपर्यंत माणसं निवांत ओढा ओलांडायची. पुढे पुढे आसपासच्या गावांत कुणी गाडीची वेळ विचारीनासं झालं. "घाणा उतरला का?" असं विचारायचे. दोन सरकारांना जे जमलं नाही ते बेसनानं केलं, आणि बेसन माझं होतं.

काही वर्षांनी पूल झाला, डांबर पडलं. राज्याचंही नाव बदलून कर्नाटक झालं होतं. औराद-उदगीर थेट गाडी सुटली. मांडव उभा राहिला, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना हार घातले. नवं धोतर नेसून मी पुढच्या रांगेत बसलो होतो. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. आणि नव्या गाडीला माझ्या दारात थांबा नव्हता. अर्ज केला. औरादचे म्हणाले, त्या बाजूची संमती लागते. उदगीरचे म्हणाले, जागा कर्नाटकात आहे.

पण थेट गाडीवर आमचा तोच जुना ड्रायव्हर होता. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या दारात गाडी उभी केली आणि बॉनेट उघडलं.

"अण्णा, इंजिन तापलंय. पाणी दे."

"एवढ्या थंडीत?"

"थंडीतच जास्त तापायलंय. घाणा टाकलास का?"

गाडीभर हशा पिकला. पलीकडचा महाराष्ट्राच्या थेट गाडीवर होता, त्याचंही इंजिन नेमकं तेव्हाच तापू लागलं. दोघं निवृत्त होईपर्यंत ती इंजिनं तापत राहिली. नव्या पोरांची इंजिनं काही तापत नाहीत. भोंगा वाजवून पुलावरून भुर्रकन निघून जातात.

म्हैसूरवाला अजून येतो. गाडी इथं थांबत नाही, म्हणून पुढे उतरतो आणि नव्या ड्रायव्हरला शिव्या घालत मागे चालत येतो. बाकड्यावर बसून कढईकडे बघतो.

"तो आलाय का?" मी विचारतो.

"न्हाई अजून."

"मग बस."

नियम मी मोडलेला नाही. कधी कधी दुपार कलते. मग पुलावरून तो दुसरा काठी टेकत येताना दिसतो, आणि मी पीठ भिजवायला घेतो.