घड्याळाकडे किती वेळा बघितलंस?

बदलापुरात बी.कॉम. होऊन आमच्या मजल्यावरच्या काकांच्या तावडीतून सुटलेलं पोर मी अजून पाहिलेलं नाही. निकाल आईबापांच्या आधी काकांना कळतो. मग जिन्यात गाठून विचारतात, "पुढे काय?" पोरगं बँकेच्या परीक्षा म्हणालं की काका म्हणतात, "त्या सगळेच देतात. तू कुठे उभा राहशील ते सांग." उभं राहणं हे काकांचं शास्त्र. अंबरनाथ एमआयडीसीत चौतीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळल्यामुळे त्यांची ओळख नाही असं दुकान किंवा ऑफिस आसपासच्या तीन गावांत नसावं. तिथे पोराला दिवसभर उभं करायचं, त्याचा मोबाइल स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि संध्याकाळी एकच प्रश्न विचारायचा, "घड्याळाकडे किती वेळा बघितलंस?" या करिअर मार्गदर्शनाला मी बरीच वर्षं हसत होतो.

मग माझी मुलगी बी.कॉम. झाली. काकांना मी जिन्यातच हसून टाळलं. मैत्रिणी कुठे कुठे लागल्या आणि ही तीन महिने पडदे ओढून घरात. "बाबा, मला काहीच येत नाही," एवढंच म्हणायची. शेवटी मीच काकांची बेल वाजवली.

पहिल्या दिवशी कर सल्लागाराचं ऑफिस. "चाळीस वेळा तरी," ती संध्याकाळी रडवेली होऊन म्हणाली. "छान, एक रस्ता कमी झाला!" काका खूश. दुसऱ्या दिवशी उल्हासनगर कॅम्प दोनमधलं कापडाचं दुकान. सिंधी शेठ कळवळून काकांना म्हणाले, "साईं, बच्ची को बैठने तो दो!" "बैठेगी तो सोएगी," काका म्हणाले. तिथे पंधरा वेळा. तिसऱ्या दिवशी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा डिस्पॅच विभाग. ट्रकमध्ये कुठला माल आधी भरायचा यावरून तिथे रोजची रणधुमाळी. दुपारी हिला राहवेना. "दादा, पुण्याचा माल आधी उतरणार ना? मग तो शेवटी चढवा!" असं ओरडून तिने यादीच हातात घेतली.

संध्याकाळी काकांचा प्रश्न ऐकून ती गोंधळली. "आजोबा, तिथे घड्याळ होतं?" डबासुद्धा तसाच परत आला होता. काका अख्ख्या मजल्याला पेढे वाटत सुटले.

आज ती तिथेच नोकरीला आहे आणि घरात तिचाच आवाज मोठा आहे. गेल्या रविवारी मी सहज विचारलं, "काका, स्टोअरमध्ये तुम्ही किती वेळा बघायचात?"

काका हसले. मग गॅलरीतून खाली बघत म्हणाले, "दिवसभर. चौतीस वर्षं. मीही बी.कॉम.च रे. पण मला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मुलीचा निकाल लागल्याचं कानावर आलं, आणि काका चपला शोधायला लागले.